पाणपोईची भिंत

कोल्हापूर,
१२ जानेवारी २०२५

ति. आक्काआत्या हिस,
संघप्रियाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने भरतेस, म्हणून पप्पा म्हणाले की ही बातमी पत्रानेच कळव, नाहीतर जयसिंगपुरात भलतंच काहीतरी पसरेल. तर बातमी अशी, की पाणपोईची भिंत सुखरूप आली.

रस्ता रुंद होणार म्हणून लक्ष्मीपुरीतली पाणपोई पाडायचं ठरलं, हे तुला माहीत आहेच. पाडण्याआधी चित्राची भिंत आमच्या संग्रहालयाला मिळाली. चित्रावर सुती कापड चिकटवलं, भोवती लाकडी चौकट घातली आणि मागच्या बाजूने कापत कापत आठवडाभरात ती मोकळी केली. क्रेनने उचलली तेव्हा अख्खी पेठ गोळा झाली होती. एका म्हाताऱ्या हमालांनी मला गाठून विचारलं की बाई, भिंत न्हेताय ते ठीक हाय, पण आम्ही पाणी कुठं प्याचं?

आमचं 'चव्हाटा' तू अजून पाहिलं नाहीस. गुळाच्या जुन्या गोदामात आहे, अजून पावसाळी दिवसांत भिंतींना गुळाचा वास येतो. लोकांनी रस्त्यावर, चौकात, तालमीच्या भिंतीवर, दुकानाच्या पाटीवर जे काढलं, घडवलं, ते सांभाळायचं हे आमचं काम. माझ्या टेबलामागे सिनेमाच्या बॅनरवरचा एकच डोळा उभा आहे, सहा फुटी. मी डबा उघडला की तो माझ्या भाजीत बघतो. शेजारी एका चौकातून आलेला प्लास्टरचा पैलवान आहे, त्याचं नाक गेलंय, पण ऐट गेलेली नाही.

आता मुद्द्याचं. पाणपोईवर देणगी देणाऱ्यांची नावं संगमरवरात कोरली होती. चित्र काढणाऱ्याचं, म्हणजे आपल्या आजोबांचं, नाव कुठेच नाही. मी त्यांना पाहिलंसुद्धा नाही, आणि आज त्यांच्या नावाची पाटी लिहायची संधी माझ्या हातात आली आहे. आमचे प्रमुख उदयसिंह सर म्हणतात की वर आजोबांच्या शिष्याने, आपल्या शमशूचाचांनी, दरवर्षी चढवलेल्या रंगाचे थर आहेत, ते हळूहळू काढले तर त्र्याहत्तर सालचं आजोबांचं मूळ चित्र मोकळं होईल. एप्रिलमध्ये नवं दालन उघडायचं, त्यात मध्यभागी ते चित्र आणि खाली 'कृष्णात पेंटर' हे नाव. त्यासाठी घरच्यांची लेखी संमती लागते. पप्पा म्हणाले, घरात थोरली आक्का आहे, सही तिची.

शमशूचाचांना हे सांगायला मी पेढे घेऊन गेले होते. वाटलं, उस्तादांचं नाव लागणार म्हटल्यावर नाचतील. ते नुसते हूं म्हणाले आणि समोरचा चहा तसाच ठेवून उठून गेले. म्हातारपण, दुसरं काय.

कागद सोबत जोडला आहे. सही कर, आणि त्या चित्राबद्दल जे जे आठवतं ते सगळं लिही. गुडघ्याला तेल लावतेस ना? लोभ वाढव, ओरडा कमी कर.

तुझी
संघप्रिया


जयसिंगपूर,
२० जानेवारी २०२५

चि. संघप्रिया हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून पहिल्यांदा हसले. संग्रहालयाचं नाव काय ठेवलंय तर चव्हाटा! आमच्या घरातलं एकेक तिथे मांडणार म्हणजे नाव शोभतंय. पस्तीस वर्षं शाळा केली, पण पत्रात बापाची तब्येत कशी आहे हे न लिहिणारी मुलगी माझ्याच घरात निघावी, याचं वाईट वाटतं. धम्मपालचा खोकला थांबला का?

सही केली आहे.

तुला कागदोपत्री हवं म्हणून नीट लिहिते. दादांचं, म्हणजे तुझ्या आजोबांचं, लहानपण कोडोलीचं. त्यांना आठवत होतं, पाणी मागायला गेलं की वरून, हातभर उंचीवरून ओतायचे. निम्मं तोंडात, निम्मं अंगावर. पुढे कोल्हापुरात येऊन पाट्या रंगवायला शिकले. त्र्याहत्तरच्या पाडव्याला पाणपोई उघडायची होती, तिच्या भिंतीचं काम त्यांना मिळालं. चित्र तू पाहतेसच. बाई कळशी कलती करून पाणी देते आहे आणि खाली एक ओंजळ आहे. पण तू बघितलंस का, कळशीचा काठ ओंजळीला जवळजवळ टेकला आहे. पाण्याची धार चार बोटांचीसुद्धा नाही. हे दादांनी मुद्दाम केलं होतं, एवढं एकच ते मला त्या चित्राबद्दल बोलले.

आणि ती बाई म्हणजे माझी आई. ते दादांना मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही, पण लेकीला कळतं. मी दहाव्या वर्षापासून इथे मामांकडे शिकायला. चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात आई तापाने गेली तेव्हा मला वेळेवर पोचता आलं नाही. पुढच्या चौदा एप्रिलला बिंदू चौकात अभिवादन करून पेठेतून चालत येत होते आणि समोर पाणपोईवर आई उभी. सुट्टीत घरी आले तरी पेठेकडे जाणं होत नसे, तोवर मी ते चित्र पाहिलंच नव्हतं. आईचा एकही फोटो नाही गं आपल्याकडे. तानाबाई कृष्णात कांबळे या बाईचं या जगात एवढंच उरलंय, ती भिंत. तेव्हापासून दर चौदा एप्रिलला मी तिथे उभी राहून पाणी पिऊन येते.

आई म्हणजे काय होती, कसं सांगू. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. तिथे शेजारच्या बाईचा घाव चुकून तिच्या उजव्या हाताची करंगळी मोडली आणि वाकडीच बसली, बाहेरच्या बाजूला. सुट्टीत घरी गेलं की माझ्या पाठीत एक धपाटा ठरलेला, आणि पाठीवर चारच बोटं उठायची. धम्मपाल मोजायचा. शमशुद्दीन तेव्हा दादांच्या हाताखाली शिकायला असायचा, तो आमच्याकडेच जेवायचा, तो साक्षीला आहे.

शमशूभाईंचं मनावर घेऊ नकोस. माणूस तोंडाने कमी आहे. पण त्यांनी वरून दरवर्षी रंग दिला, त्यात आई थोडी थोडी बदलत गेली असं मला हल्ली वाटतं. दादांच्या हातची, पहिली आई मला एकदा बघायची आहे. अडुसष्ट संपलं माझं. चौदा एप्रिलला येते, तोवर मोकळी करून ठेव.

सगळ्यांना आशीर्वाद. पत्रातून भेटत राहा, लांबून का होईना.

तुझी
आत्या


कोल्हापूर,
१६ फेब्रुवारी २०२५

ति. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

पप्पांचा खोकला थांबला. हे सगळ्यात आधी लिहिलं, आता पुढचं वाच.

काम सुरू झालं आहे. अशा कामात आधी नखाएवढी जागा मोकळी करून बघतात, तिला आम्ही खिडकी म्हणतो. कळशीच्या काठावर, एका कोपऱ्यात, खिडकी उघडली. औषधात बुडवलेला कापसाचा बोळा फिरवायचा, रंग मऊ झाला की बोथट सुरीने उचलायचा, की पुढचा थर. तिळाएवढा एक तुकडा भिंगाखाली ठेवला तर वर्षं एकावर एक बसलेली दिसतात. एखाद्या साली तांबूस रंग जास्त, एखाद्या साली स्वस्तातला आणलेला. चाचांनी पंच्याहत्तरपासून रंग दिला, म्हणजे त्यांचे पन्नास थर हवेत. मी तीनदा मोजले, एकोणपन्नासच भरले. मग लक्षात आलं, मधे लॉकडाऊनचा पाडवा होता. त्याच्याखाली आजोबांचे दोन थर आहेत. अगदी तळाशी कळशीचा पितळी रंग लागला. आजोबांचा हात लागल्यावर त्या रंगाला पहिला माझाच लागत होता.

पण आत्या, चाचांचं बिघडलंय. बुधवारी ते आले होते. खिडकीत डोकावून बघितलं, मग टेबलावर आमच्या कामाचा कागद होता तो वाचला. त्यात लिहिलंय, नंतरचे थर काढून मूळ चित्र मोकळे करणे. त्यांनी मला विचारलं की नंतरचे म्हणजे माझेच न्हवं? मी हो म्हटलं. जाताना एवढंच म्हणाले की खाली काय न्हाई पोरी, उगंच खणू नगा. त्यानंतर फोन घेत नाहीत. त्यांची रुबीना सांगते की अब्बा दिवसभर ब्रश धुवत बसतात, वापरलेले नसले तरी.

मला वाटतं त्यांना राग आला असणार. पन्नास वर्षं कुणाचं बोलावणं नसताना माणूस पदरचा रंग घेऊन शिडीवर चढतो, आणि त्याच्या कामाला आम्ही काढून टाकायचा थर म्हणतो. मी हे उदयसिंह सरांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, भावना समजते, पण मूळ ते मूळ. तेही खोटं नाही. मलाही आजोबांचं नाव लागलेलं बघायचंच आहे.

दहा मार्चला चेहऱ्याचं काम धरणार. ते झालं की परत फिरता येत नाही, उचललेला रंग पुन्हा बसत नाही. तुझं चाचांशी जमतं. त्यांना एखादं पत्र टाकशील का? माझ्यावर लोभ आहे तेवढा त्यांच्यावरही असू दे.

तुझी
संघप्रिया


७८६

कोल्हापूर,
२४ फेब्रुवारी २०२५

आदरणीय आक्काताई यांना
शमशुद्दीनचा सलाम. वि. वि.

तुमचं कार्ड मिळालं. जन्मभर दुसऱ्याच्या पाट्या लिहिल्या, पण स्वतःचं पत्र हे तिसरं का चौथं. चुकलं तर मास्तरीण म्हणून लाल शाई मारू नका. रागावलोय का म्हणून विचारलंय तुम्ही. रागावलो न्हाई. भ्यालोय.

आक्काताई, उस्तादांचा हात अक्षराचा. त्यांच्यासारखी अक्षरं कोल्हापुरात कोण काढत नव्हतं. पण माणसाचं तोंड काढायला ते कचरायचे. पाणपोईचं काम आलं तवा बाईचं तोंड त्यांनी एका कॅलेंडरवरनं उतरवून घेतलं. गोरीपान, नाकात नथ, कुणीतरी राणी असल्यागत. तुम्ही ते बघितलं न्हाई, तुम्ही मामांकडं होता. पोरीनं सगळं खरवडलं तर खाली ती राणी निघंल. तुमच्या आई, आमच्या काकी, न्हाईत.

चौऱ्याहत्तरात काकी गेल्या. पुढचा पाडवा आला, उन्हानं रंग उडालाता, पण उस्ताद ब्रश हातात घेईनात. मला म्हणाले, शमशू, औंदा तू कर. मी वीस वर्षांचा. पयल्यांदाच एकटा शिडीवर चढलोतो. सगळं चित्र नव्यानं घोटून काढलं. तोंडाजवळ आलो आणि हात राणी काढंना. काकींनी मला सहा वर्षं जेवाय वाढलं होतं. काढलं त्यांचंच तोंड. मग वाटलं आता उस्ताद मारत्यात. ते आले. तोंडाकडं बघितलं. मग खाली चित्रातल्या हाताकडं बघितलं, लई वेळ बघत राहिले. शेवटी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चालू लागले. बोलले काहीच न्हाईत, पुढंही कधी न्हाईत.

त्याच महिन्यात तुम्ही आला. भिंतीसमोर उभं राहून आई म्हणून रडलात. मी समोरच्या दुकानाच्या पायरीवर होतो. तवाच सांगायला पायजे होतं की हे तुमच्या दादांनी न्हाई, मी काढलंय. तोंड उघडलं न्हाई. एकदा न्हाई सांगितलं की मग सांगायचं कसं?

आता आणखी एक, ते सांगायला जास्त जड जातंय. माणूस डोक्यात तसाच्या तसा राहत न्हाई. धा-बारा वर्षांत काकी मला पुसट दिसाय लागल्या. पण तुम्ही दर चौदा एप्रिलला यायच्या. मी पायरीवरनं बघायचो आणि मनात म्हणायचो, काकींची हनुवटी अशीच होती, नाक असंच. पुढच्या पाडव्याला तेच लावायचो. असं करत करत आज भिंतीवर जी उभी हाय ती तुम्ही हाय, आक्काताई. काकी त्यात किती हायत, मला सांगता येत न्हाई.

माझा रंग काढत्यात तर काढू देत, रंगच हाय तो. पण चौदा एप्रिलला तुम्ही जयसिंगपुरासनं याल, समोर ती नथवाली राणी असंल आणि तुमचं तोंड उतरंल, ते माझ्यानं बघवणार न्हाई. म्हणून आधी सांगितलं. काय शिक्षा द्यायची ती द्या.

रमजान आठवड्यावर आलाय. दुवेत तुमचं घर असतंच, तुमच्या मनात आमचं राहू द्या.

तुमचा
शमशुद्दीन


जयसिंगपूर,
३ मार्च २०२५

चि. संघप्रिया हिस,
आशीर्वाद. वि. वि.

सोबत शमशूभाईंचं पत्र पाठवते, ते आधी वाच. अक्षर बघ, समासाची रेघसुद्धा पेन्सिलीने आखली आहे. एवढ्या सुंदर अक्षरात एवढं वाईट मला कुणी कधी कळवलं नव्हतं.

चार दिवस मला जेवण गेलं नाही. पहिल्या दिवशी त्यांचा राग आला, एवढा की पत्र फाडायला घेतलं होतं. पन्नास वर्षं मी कुणापुढे उभी राहत होते? स्वतःच्याच तोंडापुढे? लोकं म्हणायची, आक्का अगदी आईवर गेलीय, भिंतीवर बघा. मीही खूश व्हायचे. आता आठवलं की लाज वाटते आणि हसूही येतं. दुसऱ्या दिवशी आरशासमोर बसले आणि आईला शोधलं. हनुवटी तिची आहे बहुतेक. बाकीचं मलाही आठवेना. मग कळलं की शमशूभाईंना जे झालं तेच मला झालंय, फक्त मला ते कळायला भिंत लागली.

मग राग गेला. वीस वर्षांच्या पोराने, मालकाच्या मर्जीची पर्वा न करता, त्या पेठेत माझ्या आईचा चेहरा काढला. आणि तो धरून ठेवायला त्याने जी धडपड केली ती घरातल्या कुणी केली? मी नाही केली.

तेव्हा मी संमती मागे घेते आहे. चेहऱ्याला हात लावायचा नाही. वेगळा कागद सही करून जोडला आहे, तुझ्या उदयसिंह साहेबांना दे. ते म्हणतील मूळ ते मूळ. त्यांना सांग, रस्त्यावरचं चित्र एका दिवशी पुरं होत नाही, ते वापरात असेपर्यंत चालूच असतं. संग्रहालय चालवणाऱ्याला हे मी सांगायला नको.

पण मुली, एक सल राहिला आहे आणि तो तुझ्याशिवाय कुणापाशी बोलणार. खालचा चेहरा कॅलेंडरचा, वरचा शमशूभाईंचा, मग माझ्या बापाचं त्या भिंतीवर काय राहिलं? ती आखूड धार, तेवढीच? त्यांचे आई-बाप, बायको, कुणीच त्या चित्रात नाही, असं माझं मन घेत नाही. चेहरा सोडून दुसरीकडे कुठेतरी बघ. त्यांच्या हातचं बोटभर जरी मिळालं तरी मला पुरे.

शमशूभाईंना मी उत्तर लिहिलेलं नाही. अजून शब्द सापडत नाहीत. जीव लावून काम कर.

तुझी
आत्या


कोल्हापूर,
२६ मार्च २०२५

ति. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तीन आठवडे पत्र नाही म्हणून तू माझ्या नावाने खडे फोडत असशील. आधी बसून घे, चष्मा लाव आणि मग वाच.

उदयसिंह सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले की चेहरा राहू दे, पण चित्राचा एक तुकडा तरी तळापर्यंत मोकळा करून दाखव, म्हणजे लोकांना दोन्ही दिसेल. कळशीच्या काठावर आपली खिडकी होतीच. तिथूनच मी पुढे सरकत गेले, काठ धरलेल्या उजव्या हाताकडे. रोज सकाळी दहा ते पाच. दिवसाला एक पेर व्हायचं.

अंगठा झाला, तर्जनी झाली, वरच्या थरांत होती तशीच खाली. मधलं बोट, अनामिका तशीच. करंगळीजवळ आले आणि रंग उचलला तर खाली बोट नाही, नुसती कळशी. मला वाटलं मूळ रंगच निघून आला, माझा हात चुकला. जरा बाजूला, जिथे वरच्या चित्रात काहीच नव्हतं तिथे बोळा फिरवला, आणि तिथे ती होती. करंगळी, आत्या. मधल्या पेरातून मोडून बाहेरच्या बाजूला वळलेली. नखसुद्धा काढलंय, अर्धं. तुझं जानेवारीतलं पत्र मी टेबलाच्या खणात ठेवलंय, ते काढून पुन्हा वाचलं. उजवा हात, बाहेरच्या बाजूला. मग मी बॅनरच्या त्या डोळ्याखाली बसून रडले.

आजोबांना चेहरा येत नव्हता. पण हातासाठी त्यांनी आजीलाच समोर उभं केलं असणार. अंगणात, कळशी धरून.

त्याच दुपारी चाचांना घेऊन आले. रोजा होता, तोंड सुकलं होतं. त्यांनी वाकून बोट बघितलं. म्हणाले की हे वाकडं बोट मला आठवतंय, पंच्याहत्तरात नव्यानं काढताना मीच सरळ केलं. मला वाटलं उस्तादांचा ब्रश घसरलाय. शिष्यानं गुरूची चूक दाखवाय नको, म्हणून गुपचूप नीट केली. मग कपाळ बडवून घेत म्हणाले की सहा वर्षं त्या हातची भाकरी खाल्ली पोरी, भाकरी बघितली, हात बघितलाच न्हाई.

उस्ताद लई वेळ हाताकडं का बघत होते, ते त्यांना पन्नास वर्षांनी कळलं. मला त्यांच्याकडे बघवेना. तू त्यांना लिही आत्या, आता तरी लिही.

रविवारी पाडवा, सोमवारी त्यांची ईद. या वर्षी पहिल्यांदा त्यांच्या हाताला काम नाही. चौदा तारखेला पप्पा तुला घ्यायला स्टँडवर येतील. लोभाचं मी सांगायला नको, फक्त ये.

तुझी
संघप्रिया


जयसिंगपूर,
१८ एप्रिल २०२५

आदरणीय शमशूभाई यांस,
आक्काताईचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला दोन महिने लागले, माफी असावी. चौदा तारखेला तुम्ही पैलवानाच्या पुतळ्यामागे उभे होता, हे मला दिसलं होतं. कान गेलेत, डोळे शाबूत आहेत. पन्नास वर्षं पायरीवरून बघायची सवय तुमची, ती एका दिवसात कशी जाणार म्हणून मीही हाक मारली नाही. जे बोलायचं ते आता लिहिते.

मी भिंतीसमोर उभी राहिले. आधी चेहऱ्याकडे बघितलं, तुमच्या. मग हाताकडे बघितलं, दादांच्या. तुम्ही लिहिलंय ना, दादा याच क्रमाने बघत होते आणि काही बोलले नाहीत. तुम्हाला वाटतं, दादा बोट सरळ झाल्याचं दुःख गिळत होते. मला तसं वाटत नाही. त्यांनी बायकोला हातात लपवलं होतं. आमच्या वस्तीतली, खडी फोडणारी बाई भर पेठेत सगळ्यांना पाणी देते आहे, हे त्या काळी किती जणांना रुचलं असतं, कोण सांगणार. म्हणून चेहरा कुणा राणीचा आणि हात तिचा. कोडोलीत वरून पाणी प्यालेल्या माणसाने तिच्या हातून साऱ्या पेठेला जवळून पाणी पाजलं, आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. मग तुम्ही आलात आणि तिला उघड चेहरा देऊन टाकलात. बोट गेलं, पण बायको समोर आली. अशा वेळी माणूस काय बोलेल? डोक्यावर हात ठेवला, ती पोचपावती होती.

आणखी एक, हे संघप्रियाच्या साहेबांनी मला कागदावर लिहून दाखवलं. ती भिंत उघड्यावर होती. पन्नास उन्हाळे आणि पन्नास पावसाळे. वर रंग चढत राहिला नसता तर दादांचा पहिला थर दहा वर्षांत उडून गेला असता आणि आईचं बोट कुणालाच सापडलं नसतं. तुम्ही ते झाकलंत म्हणून ते राहिलं. तेव्हा कपाळ बडवून घेणं बंद करा, रुबीना काळजी करते.

तुम्ही गेल्यावर काय झालं ते सांगते. चित्रातल्या ओंजळीशेजारी मी माझी ओंजळ धरली, त्या वाकड्या बोटाखाली. तिथला पहारेकरी मागून काहीतरी ओरडत होता म्हणे, हात लावू नका, मागे व्हा. मला ऐकू येत नाही हे त्या दिवशी फार बरं झालं. मी पोटभर उभी राहिले.

नंतर साहेबांकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. संग्रहालयाच्या दारात, रस्त्याच्या बाजूला, उन्हाळाभर पाण्याचे माठ राहतील. त्या हमालांना संघप्रियाने निरोप धाडला आहे. आणि पुढच्या पाडव्याला चेहऱ्यावर रंग तुम्हीच द्यायचा, सगळ्यांसमोर, शिडी लावून. हाताला मात्र शिवायचं नाही. मला बघून काढणार असाल तर सुरकुत्या गाळा, आई सदतीसची होती.

पाटीवर तीन नावं येतील, कृष्णात, शमशुद्दीन आणि तानाबाई. अक्षरं तुम्ही काढा, दादांच्या वळणाची.

शिक्षा द्या म्हणाला होतात. आईच्या वतीने तुमच्या पाठीत एक धपाटा घालायचा राहिला आहे, चार बोटांचा. तो घ्यायला पुढच्या चौदा एप्रिलची वाट बघू नका, जयसिंगपूरला जेवायला या.

तुमची
आक्काताई